घट्ट बसवलेलं नळकांडं

चॅलिस, आयडाहो
२१ मे २०१७

ती. नेड्राताईस,
ऑरिनचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि ओटची बिस्किटं दोन्ही पोचली. डब्याची चिकटपट्टी उघडून पुन्हा लावल्यासारखी दिसत होती. आमच्या पोस्टातल्या बाईंवर माझा जुना संशय आहे, पण बिस्किटं चांगली होती म्हणून त्यांना माफ केलं.

आधी आनंदाची बातमी. सरकारची परवानगी आली. हिवाळ्यात अर्ज धाडला होता, आता बर्फ वितळून ओढा भरून वाहायला लागला तेव्हा कुठे शिक्का मारलेला कागद हातात पडला. तू म्हणशील, बंदुकीच्या एवढ्याशा नळकांड्यासाठी कुणी इतकं ताटकळतं का? पण ताई, कागद येण्याआधी एक भोक जरी पाडलं तरी मी तुरुंगात. शेजारचा लायमन म्हणतो की आधी चोरासारखे बोटांचे ठसे द्यायचे आणि मग लेथवर उभं राहायचं, असा छंद जगात दुसरा नसेल. त्याला हसू दे. हौसेला मोल नसतं, आणि खाणीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या माणसाला लेथशिवाय दुसरं सुचत नाही.

सिनेमातले मारेकरी लावतात तेच का हे सायलेन्सर, असं तू मागे विचारलं होतंस. तेच, पण सिनेमातल्यासारखं काही होत नाही. बार होतोच, फक्त कानठळ्या बसत नाहीत. मोटरसायकलचा सायलेन्सर काढला तर गल्ली जागी होते, लावला की गाडी चालते आणि शेजारी झोपतात, तसंच हे. आपले बाबा कानांत काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या खोचून शिकारीला जायचे आणि मी त्यांच्यामागे उघड्या कानांनी. उरलंसुरलं खाणीतल्या सुरुंगांनी केलं. आता कानातलं यंत्र लावलं की भांड्यात माशी अडकल्यासारखं ऐकू येतं, म्हणून काढूनच ठेवतो. फोनवर अंगठ्यानं टायपायला मात्र मला सांगू नकोस. या दरीत सिग्नल नाही, आणि माझे अंगठे त्या बटणांसाठी केलेलेच नाहीत. पत्र बरं.

हे नळकांडं तुझ्या कोल्बीसाठी. माझ्या नावावरची वस्तू त्याच्या हाती देऊन मी घरी बसू शकत नाही, तसा कायदाच आहे. म्हणून वकिलाकडून कुटुंबाचा ट्रस्ट करून घेतला आणि त्यात भाच्याचं नाव घातलं. त्याचेही ठसे गेले, फोटो गेला. नळकांड्यावर बनवणाऱ्याचं नाव-गाव कोरावं लागतं, तेव्हा आपल्या आडनावानं 'थेन कुटुंब ट्रस्ट, चॅलिस, आयडाहो' असं सुबक कोरणार आहे. मला ना बायको ना मूल. माझं नाव कशावर तरी कोरलं जातंय हेही बरंच आहे.

लोभ आहेच. तो अधूनमधून डब्यात घालून पाठवत जा.

तुझा
ऑरिन


बर्ली, आयडाहो
१२ जून २०१७

चि. ऑरिन यास,
नेड्राताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचलं. म्हणजे आता तुझ्या घरात खुर्च्या दोन आणि नळकांडी सहा. पाहुणे आले तर कशावर बसवणार आहेस? लायमनला माझा नमस्कार सांग, आणि त्याला म्हणावं, माझ्या भावाची टिंगल करायचा हक्क माझा आहे, तिथे दुसऱ्यानं रांग लावू नये.

आता माझी बातमी. केलीनला दिवस गेले आहेत. जानेवारीत बाळ येईल. सूनबाईला सध्या बटाट्याचा वाससुद्धा सहन होत नाही, आणि या बर्लीत बटाट्याशिवाय काय आहे? कोल्बी दिवसभर साखर कारखान्यात असतो आणि घरी आला की तिच्या मागे मागे फिरतो. परवा बाळाच्या खोलीला रंग दिला. अर्धा रंग भिंतीला, अर्धा त्याच्या केसांना. त्याचे वडील असते तर पोट धरून हसले असते.

तुझ्या छंदाला मी नावं ठेवते, पण ऑरिन, मनातून मला तो आवडतो. तुझ्याशी बोलायचं म्हणजे मला ओरडावं लागतं, आणि ओरडून प्रेमाचं काही बोलता येत नाही. चाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात ओरडले, पण सख्ख्या भावावर ओरडायचा कंटाळा येतो. माझ्या कोल्बीला आपल्या बाळाचं रडणं ऐकू आलं पाहिजे. मला एवढंच हवं आहे. तेवढं तुझ्या नळकांड्यानं केलं तर खुर्च्या मी पाठवीन.

गुडघे सांभाळ, उगाच ओढ्यात उतरू नकोस. माया तीच, बोलणीही तीच.

तुझी
ताई


चॅलिस
६ सप्टेंबर २०१७

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कोल्बी सुट्टीला येऊन गेला. तुझा मुलगा जेवतो किती ग! माझा फ्रीजर रिकामा करून गेला आणि जाताना म्हणाला की मामा, नोव्हेंबरात एल्क हरीण मारून परत भरून देतो. मादी एल्कचा परवाना त्याला सोडतीत लागला आहे. मी, तो आणि लायमन, असे तिघे जाऊ.

नळकांडं फारच छान झालं. घरामागच्या माळावर लोखंडी पाटी टांगली होती. कोल्बी म्हणाला की बाराच्या आवाजापेक्षा गोळी पाटीवर लागल्याचा टणत्कारच मोठा वाटतो. मला दोन्ही ऐकू येत नाहीत. पण माझं कुत्रं, जे आधी बंदूक दिसली की ट्रकखाली जाऊन बसायचं, ते तिथेच सावलीत लोळत राहिलं, आणि कोल्बीनं वळून माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्याच्या तोंडावर लहानपणचं हसू होतं. माझ्या छंदाचं फळ मला असं दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर वाचावं लागतं. तक्रार नाही.

सूनबाईला सांग, बटाट्याचा वास सहन होत नसेल तर इकडे ये, इथे फक्त पाइनचा वास आहे आणि माझ्या मोज्यांचा.

तुझा
ऑरिन


बर्ली
१९ सप्टेंबर २०१७

चि. ऑरिन यास,
अनेक आशीर्वाद.

तू पत्रात जे लिहिलं नाहीस ते मला केलीनकडून कळलं. माळावर दुसऱ्या दिवशी तू आत कॉफी करत होतास तेव्हा कोल्बीनं नळकांडं काढून ठेवलं आणि तसेच, कानांत काही न घालता, बार काढले. का, तर नळकांड्यानं बंदूक लांब होते, झुडपांत अडकते, आणि खरा बार कसा असतो तो एकदा ऐकायचा होता म्हणे. घरी आला तो कानांत दडे घेऊन. दोन दिवस पहाटेचा गजर त्याला ऐकू आला नाही, केलीननं हलवून उठवलं. आता बरं वाटतं म्हणतो. तूही असंच म्हणायचास. बाबा ओरडायचे आणि तू बरं आहे म्हणायचास.

मी माझ्या पोराला ओळखते. समोर हो म्हणेल आणि तू पाठ फिरवलीस की काढून खिशात घालेल. तू सांगून काही होणार नाही, मी सांगून तर मुळीच नाही. म्हणून मी तुझ्याकडे एक मागते. ते नळकांडं असं बसव की त्याला ते काढताच येऊ नये. तुला येतं ते, मला माहीत आहे. डोंगरात बंदूक झुडपांत अडकली तर अडकू दे. माझ्यासाठी एवढं कर. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही.

इथे साखरेच्या बीटची काढणी सुरू झाली आहे, सगळ्या गावाला कारखान्याचा वास सुटला आहे. केलीन नाकाला रुमाल बांधून फिरते.

तुझी
ताई


चॅलिस
२२ ऑक्टोबर २०१७

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या मनासारखं केलं. कोल्बी मागच्या आठवड्यात बंदूक घेऊन आला होता, त्याच्यासमोरच केलं. अशा कामाचं एक सिमेंट मिळतं, बंदूक कितीही तापली तरी ते सोडत नाही. ते लावून घट्ट आवळलं. आता पकड आणि गॅसची ज्योत असल्याशिवाय ते निघायचं नाही. कोल्बी चिडला. म्हणाला की मामा, तू माझ्या आईला घाबरतोस. मी मान डोलावली.

खरं सांगायचं तर मला ते फारसं पटलेलं नाही. काढता येण्यासारखी वस्तू काढता यावी, असं आम्हां लेथवाल्यांना वाटतं. साफ करायलाही आता अवघड जाईल. पण तू पहिल्यांदा काही मागितलंस, आणि त्याच्या कानांचं म्हणशील तर तू बरोबर आहेस.

नोव्हेंबरच्या सुट्टीनंतर लगेच डोंगरात जाऊ. गुडघ्यांमुळे मी तंबूतच शेगडी सांभाळणार, ते दोघे वर जातील. थंडी यंदा लवकर उतरली आहे. केलीनसाठी हकलबेरीचा मुरंबा कोल्बीबरोबर पाठवीन.

तुझा आज्ञाधारक, म्हणजे भित्रा,
ऑरिन


बर्ली
९ डिसेंबर २०१७

ऑरिन,

कोल्बीच्या अंत्यविधीला तू शेवटच्या बाकावर बसलास ते मी पाहिलं. पुढे ये म्हणून कुणी तुला सांगितलं नाही, मीही नाही. आलेल्या बायकांनी अशा वेळी आणतात तसे चीज घातलेले बटाटे आणले होते, ओट्यावर अजून तीन भांडी पडली आहेत.

शेरिफचा डेप्युटी आला होता. त्यानं सांगितलं की नळकांड्यावर आणि बंदुकीच्या नळीच्या तोंडाशी चाकूच्या खुणा आहेत, दगडाच्याही आहेत, आणि कोल्बीची नखं तुटलेली होती. केलीननं विचारलं की ते निघालं का नाही. त्याला माहीत नव्हतं. मी डेप्युटीच्या कपात कॉफी ओतली.

काय झालं ते मला तुझ्याकडून हवं आहे. सगळं लिही.

नेड्रा


चॅलिस
१६ डिसेंबर २०१७

ती. ताईस,
नमस्कार.

तू सगळं लिही म्हणालीस, म्हणून लिहितो.

सकाळी निघताना मी नेहमीचा नियम सांगितला. अडचण आली तर तीन बार, मग थोडं थांबून पुन्हा तीन. बाबांनी आपल्याला शिकवलेला. इथे डोंगरात जाणारं पोरसुद्धा तो जाणतं. ज्याला ऐकू येईल तो सगळं टाकून धावतो. मी सांगितलं, कोल्बीनं मान डोलावली, लायमननंही डोलावली. कोल्बीच्या खांद्यावर ते नळकांडं लावलेली बंदूक होती. मी तिच्याकडे बघत होतो आणि तीन बार म्हणत होतो. तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

लायमन डोंगराच्या धारेच्या एका अंगानं गेला, कोल्बी दुसऱ्या. कोल्बी बर्फाखालच्या दगडांवरून घसरला आणि घळीत पडला. मांडीचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाला की त्यानं तो गेला नाही, थंडीनं गेला. त्याच्याजवळच्या सगळ्या गोळ्या झाडलेल्या होत्या. पुंगळ्या तीन-तीनच्या होत्या, तो पडल्या जागी नीट ढीग करून ठेवत होता. हातमोजे काढलेले होते. काढल्याशिवाय नळकांड्यावर पकड येत नाही.

लायमनला ऐकू आलं होतं, ताई. तो माझ्या स्वयंपाकघरात बसून हेच पुन्हा पुन्हा पाटीवर लिहून दाखवतो. टचटच ऐकू आली, पण कडाक्याच्या थंडीत झाडांची खोडं फुटतात तशीच वाटली, आणि कुठून येते तेही कळेना. ते खरं आहे. बाराचा धमाका असला की माणसाला दिशा कळते. नळकांडं तो धमाकाच गिळतं. मागे उरतो तो गोळीनं हवा चिरल्याचा आवाज, आणि तो चारी बाजूंनी आल्यासारखा वाटतो. बोडक्या बंदुकीचा बार त्या दरीत सगळ्यांना ऐकू गेला असता, फक्त मला नाही.

तो परत आला नाही तेव्हा लायमन उतरून आला आणि आम्ही दोघे वर गेलो. अंधारात मी हाका मारत होतो. त्यानं उत्तर दिलं असतं तरी मला कळलं नसतं, म्हणून लायमनच्या दंडाला धरून चालत होतो. तो आम्हांला सकाळी सापडला.

आता नीट वाच. शेरिफनं मला विचारलं की हे पक्कं कुणी केलं आणि का. मी सांगितलं की मीच केलं, माझ्याच मनानं केलं, माझ्या कामाचा मला गर्व होता म्हणून केलं. केलीनलाही तेच लिहून पाठवलं आहे. तू काही लिहिलं होतंस ते मी विसरलो आहे, आणि तूही विसर. तुझी पत्रं मी शेगडीत घातली. केलीनला आणि येणाऱ्या बाळाला तू लागणार आहेस. मी कुणाला लागतो? नळकांड्यावर नाव माझं कोरलेलं आहे, तालुक्यानं ते वाचलं आहे, तेव्हा ते तसंच राहू दे.

ऑरिन


बर्ली
२८ जानेवारी २०१८

ऑरिन,

मुलगी झाली. केलीन बरी आहे, ती आणि बाळ माझ्याकडेच आहेत. मुलीचे कान कोल्बीसारखे आहेत, वरून थोडे दुमडलेले. भांडं पडलं की दचकते.

तू केलीनला लिहिलेलं पत्र तिनं मला वाचून दाखवलं. मी ऐकून घेतलं. चर्चमध्ये सगळ्यांना ठाऊक झालं आहे. लोक येतात आणि तुझ्याबद्दल बोलतात, आणि मी त्यांना कॉफी देते. केलीनची इच्छा आहे की तू इथे येऊ नयेस आणि मुलीला भेटू नयेस. तुझा आणि कोल्बीचा मासे धरतानाचा फोटो तिनं दिवाणखान्यातून काढायला सांगितला. मी काढला.

तिला कोल्बीची बंदूक हवी आहे. ती त्याच्या वडिलांची होती. शेरिफच्या ऑफिसात म्हणाले की नळकांडं ट्रस्टचं आहे, ते तिच्या ताब्यात देता येत नाही, आणि दोन्ही एकमेकांना चिकटलेली आहेत, म्हणून सगळंच तुझ्याकडे दिलं. तिची बंदूक तिला परत कर. बंदुकीवर ते नळकांडं नको.

नेड्रा


चॅलिस
१८ फेब्रुवारी २०१८

ती. ताईस,
नमस्कार.

मुलीला आशीर्वाद. तिला सांगायची गरज नाही की कुणाचे.

बंदूक लायमन घेऊन येतो आहे. नळकांडं काढलं. पकडीत धरून गॅसची ज्योत लावली, आणि कॉफी निवायच्या आत निघालं. मी ते हातात धरून किती वेळ उभा होतो मला माहीत नाही. त्याला ते दिवसभरात निघालं नाही आणि मला बसल्या जागी निघालं. आवाज आला असेल तर मला कळला नाही.

मग ते करवतीनं कापलं, बाकीचीही सगळी कापली, आणि सरकारला तसं लिहून कळवलं. लेथ लायमनच्या पुतण्याला देऊन टाकला. फोटो काढलास ते योग्यच केलंस. तिच्या मनासारखं कर. मला दर महिन्याला लिहायची गरज नाही, पण मुलगी चालायला लागली की दोन ओळी टाक.

ऑरिन


बर्ली
२५ मार्च २०१८

चि. ऑरिन यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र लिहायला मला फार दिवस लागले. आधी बसून वाच, उभ्यानं वाचू नकोस.

लायमन बंदूक घेऊन आला. केलीननं ती मांडीवर घेतली आणि नळीच्या तोंडावरच्या ओरखड्यांवरून बोट फिरवत बसली. मी दिलेली कॉफी लायमननं घेतली नाही, तो दाराशीच टोपी हातात धरून उभा राहिला आणि गेला. मग केलीन म्हणाली की त्या म्हाताऱ्याला माझ्या नवऱ्यापेक्षा आपलं नळकांडं प्यारं होतं. मग ती म्हणाली की कोल्बीवर त्याचा जीव कधी नव्हताच, फुकटात ऐकून घेणारा एक पोरगा त्याला हवा होता, एवढंच.

ऑरिन, तू खुनी आहेस असं लोक म्हणाले ते मी ऐकून घेतलं. तू गर्विष्ठ आहेस, वेडा आहेस, हेही ऐकून घेतलं. जनावरासारखी गप्प बसले, कारण मुलगी माझ्या खांद्यावर झोपायची आणि ती तिथेच राहावी असं मला वाटायचं. तू तुझा गळा पुढे केलास आणि मी तो कापू दिला. पण तुझा त्याच्यावर जीव नव्हता, हे मला ऐकवलं नाही. कोल्बीला चालायला कुणी शिकवलं हे मला ठाऊक आहे.

मी तिला टेबलाशी बसवून सगळं सांगितलं. मी काय मागितलं, कोणत्या शब्दांत मागितलं, तुला ते पटत नव्हतं आणि तू ते माझ्यासाठी केलंस, हेही सांगितलं. माझ्याकडची तुझी ऑक्टोबरची चिठ्ठी तिच्यापुढे ठेवली. ती रडली नाही, ओरडली नाही. एकदाच विचारलं, की इतके दिवस तुम्ही मला जेवायला वाढत होतात आणि तुम्हांला हे माहीत होतं? मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिची आई पोकाटेलोहून गाडी घेऊन आली. मुलीचे कपडे, दुधाच्या बाटल्या, बंदूक, सगळं भरलं. केलीननं मुलीला माझ्याकडे दिलं नाही, पण दारात थांबली एक क्षण, आणि मी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा मागे सरली नाही. मग गेल्या. केलीन फोन उचलत नाही. तिच्या आईनं निरोप दिला की इतक्यात फोन करू नका.

रविवारी चर्चमध्ये उभी राहून मी तिथेही सांगितलं. ज्यांना कॉफी दिली होती त्या सगळ्यांसमोर. बाहेर पडताना एका बाईनं मला कोट घालायला मदत केली, बाकीच्या आपापल्या गाड्यांकडे गेल्या.

तू जे वाचवायला निघाला होतास ते मी घालवून बसले आहे. तू रागावशील. रागाव. पण माझं ओझं तुझ्या खांद्यावर ठेवून मला ती मुलगी मांडीवर घेता येत नव्हती. तिच्या कानांकडे बघता येत नव्हतं.

पाळणा इथेच राहिला आहे. गाडीत मावला नाही, की विसरला, की मुद्दाम ठेवला, ते मला कळत नाही. विचारावं म्हणून फोन हातात घेतला आणि परत ठेवला. खोलीचं दार मी उघडंच ठेवते.

रस्ते मोकळे झाले आहेत. ट्रक काढ आणि इकडे ये. बोलायचं काही नाही, आणि तुला ऐकूही यायचं नाही. जेवायला दोन ताटं मांडायची मला सवय लागली आहे, तेवढं एक ताट तुझं. मी तुला माफ केलं आहे असं समजून येऊ नकोस. स्वतःला तर मुळीच केलेलं नाही. लोभ उरला आहे की नाही हे मला आत्ता सांगता येत नाही, पण दार वाजवायची गरज नाही, तसाच आत ये.

तुझी
ताई